दाजींच्या दोन गाड्या

आमच्या बीड जिल्ह्यात टंचाई पाण्याची असते, चाऱ्याची असते. हट्टी माणसांची कधीच नसते. पण बायकोपोरांवर जीव ओवाळून टाकणारा आणि तरीही जन्मभर त्यांना आपल्याबरोबर एका गाडीत बसू न देणारा माणूस या जिल्ह्याने एकच पाहिला, आणि तो नेमका माझा साडू निघाला. माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, म्हणजे आमच्या अक्कांचे, ते यजमान. बायको त्यांना दाजी म्हणायची म्हणून मी दाजी म्हणू लागलो, आणि पुढे पुढे आमच्या दूध सोसायटीपासून केजच्या तहसील कचेरीपर्यंत ते सगळ्यांचेच दाजी होऊन बसले.

त्यांचा धंदा विम्याचा. माणसांच्याही आणि जनावरांच्याही. घर गेवराईला, फिरती शिरूर कासारपासून केजपर्यंत. काखेत एक फुगलेली कातडी पिशवी असायची. तिच्या एका कप्प्यात विम्याचे अर्ज आणि दुसऱ्यात जनावरांच्या कानाला बिल्ला मारायचा चिमटा. लग्नात आहेर द्यायला त्यांनी पिशवीत हात घातला की बऱ्याचदा चिमटाच बाहेर यायचा आणि नवरदेव नकळत स्वतःच्या कानावर हात ठेवायचा. विमा विकताना त्यांनी कुणाला भीती घातलेली मी पाहिली नाही. ओट्यावर बसायचं, चहा घ्यायचा आणि एवढंच विचारायचं, "घरात कोण कोण असतंय?" समोरचा माणूस बायको, पोरं, म्हातारी आई असं एकेकाचं सांगू लागायचा आणि सांगता सांगता आपणच गंभीर व्हायचा. तोवर दाजी त्याच्या धाकट्या पोराला मांडीवर घेऊन त्याची नखं कापत बसलेले असायचे. नखं वाढलेलं पोर त्यांना बघवत नसे; खिशात नेलकटर कायमचं. आणि कुणा गिऱ्हाइकाच्या घरी माणूस गेलं की दाजी हजर. कागद नंतर, आधी फटफटीच्या दोन्ही अंगांना पाण्याचे कॅन बांधलेले. ते म्हणत, "दुःखाच्या घरी माणसं लई येत्यात, पाणी कुणीच आणत न्हाई." दुष्काळी गावात या वाक्याची किंमत काय असते ते बाहेरच्याला कळायचं नाही.

जनावरांचा विमा उतरवताना अर्जावर त्यांचं वर्णन लिहावं लागतं. रंग, शिंगं, कपाळावरचा भोवरा, शेपटीचा गोंडा. हे वर्णन लिहून लिहून दाजींची नजरच तशी झाली होती. थोरल्या मुलीसाठी केजचं स्थळ पाहून ते परत आले तेव्हा आम्ही सगळे ओसरीत वाट बघत होतो. अक्कांनी विचारलं, "कसा हाय मुलगा?" दाजींनी टोपी काढून खुंटीला लावली आणि शांतपणे सांगितलं, "चांगला हाय. वर्ण गव्हाळ, बांधा मध्यम, कपाळावर उजवीकडं भोवरा, डावा कान जरा पडका. दात पुरे हायेत."

"आवं, जावाय बघाया गेलता का खोंड?" अक्का कडाडल्या.

"वळखू यावा म्हणून सांगितलं," दाजी म्हणाले. आणि खरं सांगतो, पुढे मुलाकडची मंडळी आली तेव्हा गेवराईच्या स्टँडवरच्या एवढ्या गर्दीत मी मुलगा पहिल्या नजरेत ओळखला. कान पडकाच होता.

घरातही त्यांचं काम याच शिस्तीत चालायचं. रॉकेलचा डबा परसात, काडेपेटी देवघरात आणि स्टोव्ह स्वयंपाकघरात. तिन्ही गोष्टी एका खोलीत राहू द्यायच्या नाहीत, असा त्यांचा कायदा. त्यामुळे अक्कांना चहा करायचा म्हणजे सगळ्या घराला प्रदक्षिणा घालावी लागे. मुलींच्या वेण्यांच्या रिबिनी मात्र ते स्वतः इस्त्री करत, कारण इस्त्रीचा निखारा दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायला त्यांची तयारी नव्हती. घरातलं माणूस गावाला गेलं की 'पोचलो' हा निरोप आलाच पाहिजे. मोबाइल नव्हते त्या काळात हे काम एसटीचे कंडक्टर करत. दाजींचा प्रत्येक कंडक्टरशी घरोबा. गाडी स्टँडात शिरली की कंडक्टर दारातूनच ओरडायचा, "दाजी, ताई पोचली बरं का केजला! रडत न्हवती!" मग दाजी चहावाल्याला त्याच्यासाठी चहा सांगत आणि घरी जेवायला जात. निरोप येईपर्यंत जेवण नाही. अक्काही मग जेवत नसत, आणि भूक लागली की कंडक्टरांच्या सात पिढ्यांचा उद्धार करत.

पण या सगळ्यावर कळस म्हणजे दोन गाड्या. "एका गाडीत सगळं घर बसवायचं न्हाई." बस्स. कारण विचारलं तर म्हणायचे, "न्हाई म्हंजे न्हाई." बारसं असो, मयत असो, बाजार असो, घरातली माणसं दोन ठिकाणी वाटली जायची. अक्का आणि धाकटी एसटीत, दाजी आणि मुलगा जीपमध्ये, परतीला अदलाबदल. थोरलीच्या लग्नाला केजला जाताना तर त्यांनी वऱ्हाडाची वाटणीच केली. नवरी आणि अक्का पहिल्या जीपमध्ये. दाजी, नवरीचा मामा आणि मुलगा दुसऱ्या जीपमध्ये. दुसरी जीप मांजरसुंब्याच्या घाटात पंक्चर झाली. तिकडे मांडवात नवरी तयार, भटजी तयार, आणि पाठीशी उभा राहायला मामा नाही. बँडवाल्यांची गाणी संपली आणि ते पुन्हा पहिल्या गाण्यावर आले. शेवटी मावशीचा नवरा म्हणून मलाच मामाच्या जागी उभं केलं. शेवटचं मंगलाष्टक चालू असताना दाजी धुळीने माखून मांडवात शिरले. लाजतील असं वाटलं होतं. पण ते विजयी चेहऱ्याने सगळ्यांकडे बघून म्हणाले, "बगा! समदे एकाच गाडीत असते तर आख्खं लगीन घाटात बसलं असतं!"

ही गोष्ट मी गावोगाव तिखटमीठ लावून सांगत असे. मी तेव्हा तलवाड्याच्या दूध सोसायटीचा सेक्रेटरी होतो, दिवसभर माणसं येत-जात, आणि ऐकणारे आयते मिळत. त्याचं मला आज वाईट वाटतं. तेव्हाही थोडं वाटायचं, पण लोक हसले की वाटायचं थांबायचं. कारण या दोन गाड्यांचा जाच खरा कुणाला होता ते मला ठाऊक होतं. अक्का नांदायला आल्या तेव्हा बैलगाडीत दाजींच्या शेजारी बसून आल्या होत्या. त्यानंतर कुठल्याही वाहनात नवऱ्याच्या शेजारची जागा त्यांना मिळाली नव्हती. त्यांचं मागणं एकच होतं. वर्षातून एकदा माहेरच्या गावची जत्रा भरते, तिला सगळ्या घराने एका गाडीत बसून जायचं, आणि आपण यांच्या शेजारी बसायचं. दाजी दर वर्षी म्हणत, "पुढच्या साली बगू." मग अक्काही हट्टाला पेटल्या. "जाईन तर एका गाडीतनं जाईन. न्हाई तर जत्रा मला मेली," असं म्हणून त्यांनी जत्रेला जाणंच सोडलं. भाऊ बोलवायला यायचे, अक्का त्यांना पुरणपोळी खाऊ घालून रिकामे परत पाठवायच्या. दाजी ते मुकाट्याने बघायचे, आणि दुसऱ्या दिवशी अक्कांसाठी जत्रेतल्या बांगड्या कुणाकडून तरी मागवून घ्यायचे. अक्का त्या बांगड्या फळीवर ठेवून द्यायच्या. भरायच्या नाहीत. अशी कितीतरी वर्षं गेली, आणि फळी बांगड्यांनी भरत आली.

मग तो दुष्काळ आला. विहिरी कोरड्या पडल्या, ऊसच नव्हता म्हणून कारखान्यांचे बॉयलर पेटले नाहीत, आणि ऊसतोडीला जाणाऱ्या बैलगाड्या दारातच जू वर करून उलाळ होऊन पडल्या. आमच्या सोसायटीने तलवाड्याजवळच्या माळावर चारा छावणी चालवायला घेतली. लांबून मागवलेल्या उसाच्या पाचटाची दोन लांबलचक छपरं उभी केली, एक माळाच्या या टोकाला आणि दुसरं त्या टोकाला. जनावरांना बिल्ले मारायला दाजी आले. छपरांकडे एकदा नजर टाकली आणि मला म्हणाले, "सेक्रेटरी, पाचट हाय हे. एक बिडी पुरंल. एका घरची समदी जनावरं एका छपराखाली बांधायची न्हाईत. निम्मी हिकडं, निम्मी तिकडं."

कंपनीचा असा काही नियम नव्हता. नियम दाजींचा होता. पण विम्यातल्या माणसाचा शब्द म्हणून चेअरमनने मान डोलावली, आणि मी, ज्याला दोन गाड्यांची सगळी गंमत ठाऊक होती, मी निमूटपणे गडी लावून जनावरं वाटून टाकली. गायीपासून गाय, म्हशीपासून म्हैस. दोन दिवस माळावर नुसता हंबरडा होता. मग बाकीची जनावरं गप झाली. एक बैल मात्र झाला नाही.

तो दुरपदाबाईंचा. दुरपदाबाई शिरूर कासारकडच्या, दर हंगामाला नवऱ्याबरोबर कारखान्यावर जाणाऱ्या. त्या साली काम नाही म्हणून नवरा कुठे लांब खडी फोडायला गेलेला, आणि बाई बैलजोडी घेऊन माहेरी तलवाड्याला आलेली. हौशा आणि पवळ्या. पवळ्या पलीकडच्या छपरात, हौशा अलीकडच्या. हौशाने वाढ्याला, म्हणजे चाऱ्यासाठी बाहेरून येणाऱ्या उसाच्या शेंड्यांना, तोंड लावणं सोडलं. पेंड समोर ठेवली तर वास घेऊन मान फिरवायचा. जनावरांचे डॉक्टर आले, जीभ बघितली, पोट दाबून बघितलं, रोग काही सापडेना. बैलाच्या बरगड्या दिसू लागल्या. दाजी रोज गेवराईहून येत, पिशवी बाजूला ठेवत आणि हौशापुढे बसून हाताने घास भरवायचा प्रयत्न करत. बैल हट्टी आणि दाजीही. पवळ्या मात्र खात होता, पण खाताना सारखा माळापलीकडे बघायचा, असं गडी सांगत.

दुरपदाबाई सकाळपासून बैलाजवळ उकिडव्या बसलेल्या असत. एक दिवस म्हणाल्या, "दादा, सोडा की त्याला पवळ्याकडं."

"आग लागली तर दोन्ही जातील, बाई. एक तर ऱ्हाईल. आन् कानात बिल्ला हाय ना, मग काळजी कावून करता?"

"बिल्ला गाडी वढतो का? एका बैलानं मी काय करू? औंदा पाऊस झाला अन् कारखाना सुरू झाला तर एक बैल जुपू अन् दुसऱ्या अंगाला मी?"

आजूबाजूचे गडी हसले. दाजी हसले नाहीत. बाईंनी माझ्याकडे एक नजर टाकली आणि मला कळलं, आता ही बोलणार. दोन गाड्यांची गोष्ट मीच तिला दोन दिवसांपूर्वी सांगून हसवलं होतं.

"हे सेक्रेटरी सांगत हुते," ती दाजींना म्हणाली, "तुमी मंडळीला बी दुसऱ्या गाडीत बसविता म्हनं. त्या तरी नीट खात्यात का हो?"

माझा चेहरा कसा झाला असेल कुणास ठाऊक. दाजींनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. हातातली पेंड बैलापुढे ठेवून ते उठले आणि बाभळीखाली जाऊन बसले. मी मागोमाग गेलो, काहीतरी सांगायला. मला माफी मागायची होती. पण माझ्याआधी दाजीच बोलले.

"मी नवीन होतो तवाची गोष्ट हाय, सेक्रेटरी. एक घर होतं. नवरा, बायकू, दोन पोरं. विमा माझ्याच हातचा. त्याच्या कागदावर वारस म्हणून तिचं नाव, तिच्या कागदावर त्याचं. देवाला निघाले होते, समदे एका जीपमधी. मी नंतर कागद घेऊन गेलतो. ओट्यावर बसलो. आता इचारायचं कुणाला, घरात कोण कोण असतंय म्हणून? दाराला कुलूप बी न्हवतं. नुसती कडी लावलेली. सांजच्याला परत येणार होती ना."

इतक्या वर्षांत त्यांनी हे अक्कांनाही सांगितलं नव्हतं. मी विचारलं, कावून नाही सांगितलं? तर म्हणाले, "एकदा सांगितलं की तिला बी भ्या वाटंल. एका घरात एकानंच भ्यावं."

मग ते उठले, टोपी नीट केली, हौशाजवळ गेले आणि त्यांनी स्वतः त्याचं दावं सोडलं. बैल आधी हललाच नाही. मग त्याला समजलं. त्या माळावरून त्याने दाजींना अक्षरशः ओढत नेलं, दाजींची एक चप्पल वाटेत राहिली, पिशवी हेलकावे खात होती, आणि पलीकडच्या छपरातून पवळ्याने जो आवाज टाकला तो ऐकून सगळी छावणी मान वर करून बघायला लागली. हौशाने पवळ्याची मान चाटली. एवढी चाटली की आम्हाला कंटाळा आला. आणि मग सावकाश, जसं काही झालंच नाही अशा थाटात, त्याने वाढं ओढून तोंडात घातलं.

दुरपदाबाई दाजींची चप्पल घेऊन आल्या. ती त्यांच्या पुढ्यात ठेवून म्हणाल्या, "दादा, तुमी बी घरी जावा आता. जेवला नसाल."

पण दाजी लगेच गेले नाहीत. आग लागायची ती लागू शकतेच, हे त्यांचं मत बदललं नव्हतं. चेअरमनच्या मागे लागून त्यांनी दोन्ही छपरांना पाण्याचे ड्रम आणि वाळूच्या बादल्या लावून घेतल्या, छावणीत बिडी ओढणाऱ्याला बाहेर काढायचा ठराव करवून घेतला, आणि प्रत्येक घरची जनावरं पुन्हा एका दावणीला आणून बांधायला लावली. मग गेवराईला गेले. अक्का सांगतात, दारात उभे राहूनच म्हणाले, "थोरलीला केजहून बोलावून घे. जत्रेला जायचं. एका गाडीत."

अक्कांनी विचारलं, "बरं वाटत न्हाई का?"

ती जीपही मी पाहिली आणि तो प्रवासही, कारण मला आणि माझ्या बायकोला साक्षीदार म्हणून पाठीमागे कोंबलं होतं. दाजी मधल्या सीटवर, अक्का त्यांच्या शेजारी, पोरं अवतीभवती. अक्कांनी फळीवरच्या सगळ्या बांगड्या भरल्या होत्या. प्रत्येक खड्ड्याला आख्खी जीप वाजत होती. दाजींनी एक हात वरच्या दांडीला आणि दुसरा अक्कांच्या डोक्यावर आडवा धरला होता, टप लागू नये म्हणून. डोळे ड्रायव्हरच्या मानेवर. समोरून ट्रक आला की ते त्याचं वर्णन पुटपुटत, "रंग तांबडा, डावा दिवा फुटका..." ड्रायव्हर वैतागून म्हणाला, "दाजी, तुमी गाडी चालवू नका ना मनातल्या मनात, मला वळण दिसंना झालंय!" त्या साली जत्रेत पाळणे आले नव्हते, टँकरभोवतीच काय ती गर्दी होती. पण अक्का त्या धुळीतून अशा चालत होत्या की जणू जत्रा त्यांच्यासाठीच भरली होती.

परत निघताना दाजी स्टँडवर थांबले. धाकटीला आणि मुलाला त्यांनी एसटीकडे वळवलं आणि आपणही त्यांच्यामागे निघाले.

"आवं!" अक्का ओरडल्या.

"जाताना तुझं ऐकलं," दाजी म्हणाले. "येताना माझं."

अक्का एवढ्या हसल्या की डोळ्यांत पाणी आलं. म्हणाल्या, "येतानाचं बाकी ऱ्हायलं बरं का. ध्यानात ठिवा."

त्यानंतर पाऊस आला, हौशा-पवळ्या पुन्हा कारखान्याच्या वाटेला लागले, आणि दाजी पुन्हा आपल्या दोन गाड्यांवर आले. अक्कांनीही मग हट्ट केला नाही. बाभळीखालची गोष्ट मी अक्कांना सांगितली नाही, पण त्यांना ती कुठून तरी कळली असावी असं मला वाटतं. पोरं मोठी झाली. मुलगा पुण्याला, धाकटी संभाजीनगरला. आता प्रत्येकाची स्वतःची गाडी.

मागच्या उन्हाळ्यात दाजी गेले. झोपेतच गेले, कुणाला काही त्रास न देता. पोरं मिळेल त्या वेळेला, तीन दिशांनी, तीन गाड्यांतून येऊन पोचली. दारात एकामागे एक उभ्या राहिलेल्या गाड्या बघून अक्का मला म्हणाल्या, "बगा, यांच्या मनासारखं झालं."

अस्थी घेऊन गोदावरीला जायचं होतं. मुलाने सवयीने भाड्याच्या दोन जीपगाड्या दारात लावल्या. अक्का बाहेर आल्या, दोन्ही गाड्यांकडे बघितलं आणि म्हणाल्या, "एक परत पाठीव."

मुलगा म्हणाला, "आई, माणसं बसायची नाहीत गं."

"बसतील. बसवा."

आणि आम्ही बसलो. मुली, जावई, सून, नातवंडं, मी आणि माझी बायको, गुडघे छातीशी घेऊन. अक्का मधल्या सीटवर, मांडीवर कलश. नदीला पाणी बेताचंच होतं; बरंच आत चालत जावं लागलं. सगळं झाल्यावर ओल्या पायांनी आम्ही पुन्हा गाडीपाशी आलो आणि पुन्हा तसेच कोंबून बसू लागलो. अक्का मघाचीच जागा धरून बसल्या होत्या. त्यांच्या शेजारची जागा रिकामी होती. केजचे जावई, डावा कान पडका असलेले, पाठीमागे अर्धे बाहेर लोंबकळत होते. ड्रायव्हर म्हणाला, "मावशी, तितं शेजारी जागा हाय. बसवू का कुणाला?"

अक्कांनी त्या जागेवर हात ठेवला.

"न्हाई," त्या म्हणाल्या. "येतानाचं ऱ्हायलं हुतं आमचं."

मग कुणीच तिथे बसलं नाही. गेवराई येईपर्यंत प्रत्येक खड्ड्याला अक्का आपला हात उचलून त्या जागेच्या वर, टपाच्या खाली, आडवा धरत होत्या.